आधी पाणी, मग पिशवी: घरगुती रंगाई-छपाईचा पर्यावरणावरचा भार कसा कमी करावा

गच्चीवर किंवा मागच्या खोलीत ठशांची छपाई, नैसर्गिक रंगाई आणि थोडं शिवणकाम असा व्यवसाय इंदूरमध्ये चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. स्टोल, झोळ्या, उशांचे अभ्रे, टेबलावरची वस्त्रं असा माल, एक-दोन मदतनीस आणि महिन्याला दहा ते चाळीस किलो कापड, एवढा पसारा गृहीत धरला आहे. मेणबत्त्या, मातीची भांडी किंवा दागिने करणाऱ्यांना मोजणी, उष्णता, पॅकिंग आणि लेबल हे भाग उपयोगी पडतील.

पर्यावरणाचा विचार सुरू झाला की पहिला हात पॅकिंगला जातो, कारण ते गिऱ्हाइकाला दिसतं. प्रत्यक्षात १५० ग्रॅमच्या सुती स्टोलची प्लास्टिकची पिशवी जेमतेम पाच-सहा ग्रॅमची असते. त्याच स्टोलच्या कापसामागे, किलोला १०,००० लिटर ही जागतिक सरासरी धरली तर, शेतापासून दीड हजार लिटर पाणी गेलेलं असतं. पुढे तो धुताना, रंगवताना, खळबळताना आणखी पाणी आणि गॅस जातो. म्हणून आधी कापड आणि पाणी, मग उष्णता, आणि पिशवी शेवटी, असा क्रम ठेवा. एक स्टोल बिघडून बाजूला पडला तर शंभर पिशव्या वाचवूनही ते नुकसान भरून निघत नाही.

पहिला महिना फक्त मोजा

पाच किलोचा वजनकाटा, सिलिंडर टांगता येईल असा ५० किलोचा काटा, ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर, पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणाऱ्या पीएच कागदाची डबी आणि प्लगमध्ये बसणारा छोटा वीजमापक एवढं पुरे. बादल्यांना आतून दर दोन लिटरला रेघ मारा. सिलिंडरचं रिकामं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वजन केलं की गॅस किती गेला ते कळतं. व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो, घरगुती १४.२ किलोचा वापरणं नियमात बसत नाही.

वहीत पाच रकाने आखा: पाणी (लिटर), गॅस (ग्रॅम), वीज (युनिट), कातरण (ग्रॅम) आणि बाद माल (ग्रॅम). महिनाअखेर पहिल्या चारही आकड्यांना विकण्याजोग्या मालाच्या वजनाने भागा, रंगवलेल्या एकूण वजनाने नाही. दहा किलो रंगवलं आणि दोन किलो डागाळलं, तर भागाकार आठने करायचा. एवढ्या एका नियमाने खरी गळती कुठे आहे ते बहुतेक वेळा दिसतं, आणि ती बऱ्याचदा बाद मालात असते.

कापड: पन्हा, कातरण आणि खरेदी

पन्ह्याला भाग जाईल असं माप ठरवा. ४५ इंच पन्ह्यातून २० इंच रुंदीचे दोन पट्टे काढले तर पाच इंच, म्हणजे ११ टक्के कापड कडेला पडतं. तोच स्टोल २२ इंचांचा केला तर वाया जातो फक्त एक इंच. गिऱ्हाईक दोन इंचांवरून घेणं सोडत नाही. ३६ इंची पन्हा असेल तर १८ इंचांचं माप धरा. कातरण्याआधी कापड धुऊन आटवा. हातमागाचं सुती कापड पाच टक्के, कधी त्याहून जास्त आटतं, आणि आधी कातरून मग धुतलं की मापं चुकतात.

महेश्वर इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे, तिथल्या विणकरांकडून थेट घेता येतं. पन्हा आणि लांबी सांगून विणून घेतली तर कातरण जवळपास शून्यावर येते, कारण दोन्ही कडांना विणलेली किनार असते आणि टोकांना गोंडे. सेंद्रिय कापूस हवा असेल तर निमाड जवळच आहे, आणि देशातल्या सेंद्रिय कापसाच्या उत्पादनात मध्य प्रदेश पुढे आहे. मात्र ‘सेंद्रिय’ या तोंडी शब्दावर पैसे मोजू नका. विक्रेत्याकडे दोन कागद मागा: तो व्यापारी किंवा गिरणी प्रमाणित असल्याचं प्रमाणपत्र, आणि तुमच्या मालाच्या त्या खेपेचं व्यवहार प्रमाणपत्र. पहिला कागद पुष्कळांकडे असतो, दुसरा नसेल तर तो माल साधा कापूस समजून साध्या भावाने घ्या. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या लेबलवर ‘सेंद्रिय’ म्हणायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो. ७० टक्क्यांच्या पुढे पण ९५ च्या आत असेल तर ‘सेंद्रिय धाग्याने बनवलेलं’ एवढंच म्हणता येतं.

कातरण तीन डब्यांत टाका. तळहाताहून मोठे तुकडे बटवे, पाऊच, बुकमार्क यांना. पट्ट्या नाड्या, गोंडे आणि गोधडीच्या जोडकामाला. बारीक चिंध्या उशीत भरायला. शुद्ध सुती आणि पॉलिएस्टर-मिश्र चिंध्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा, कारण हातकागद करणाऱ्यांना फक्त सुती चालते. एकदा मिसळलं की वेगळं करायला कुणाला वेळ नसतो. शिवायला मात्र पॉलिएस्टरचा दोरा वापरलात तरी चालेल. झोळीचा बंद दोन वर्षांऐवजी सहा वर्षं टिकला तर त्या चार ग्रॅम दोऱ्याबद्दल हळहळायचं कारण नाही.

पाणी: इथे सगळ्यात जास्त वाचतं

इंदूरच्या नळाचं नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढून येतं. ते वर चढवायला इतकी वीज लागते की महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, ते जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. तुमच्या बादलीतल्या प्रत्येक लिटरमागे ही वीज आहे.

सुरुवात खळबळण्यापासून करा. समजा एक किलो कापड रंगातून काढलं. नुसतं निथळलेलं असेल तर त्यात अडीच लिटर रंगीत पाणी अडकलेलं असतं. दहा लिटर स्वच्छ पाण्यात बुडवलं की रंग एक-पंचमांश होतो, आणि अशा तीन खळबळण्यांनंतर १२५ पट पातळ. तेच कापड धुलाई मशीनच्या स्पिनरमधून काढून एक लिटरवर आणलं, तर प्रत्येक खळबळणीला रंग ११ पट पातळ होतो, म्हणजे दोनदाच खळबळून १२१ पट. दहा लिटर पाणी आणि एक फेरी वाचली, त्या बदल्यात स्पिनर दोन-तीन मिनिटं जास्त चालला. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा नुसता स्पिनर भंगाराच्या भावात मिळतो, तो यासाठी उत्तम. ताज्या छपाईचं कापड मात्र पहिल्या धुण्याआधी त्यात घालू नका, ठसे एकमेकांवर उमटतात.

दुसरी युक्ती उलट्या प्रवाहाची. तीन टब ओळीने ठेवा. कापड पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातं, आणि पाणी उलट दिशेने सरकतं. एक खेप झाली की फक्त पहिला टब रिकामा करायचा, दुसऱ्याचं पाणी पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी तिसऱ्यात. दर खेपेला तीन टबांऐवजी एकच टब नवं पाणी लागतं. ही पद्धत कोलमडते ती रंगांच्या क्रमामुळे. दिवसाची सुरुवात फिकट पिवळ्याने करा, मग लाल, आणि लोखंडाचा काळा शेवटी. काळा मध्ये आला तर तिन्ही टब बाद होतात, कारण लोहाचा अंश पुढच्या पिवळ्याला शेवाळी करतो.

तिसरी गोष्ट, भांड्याचा आकार. एक किलो कापडाला पंधरा-वीस लिटर पाणी घ्यायची सवय उंच आणि मोठ्या पातेल्यामुळे लागते. पसरट भांड्यात दहा-बारा लिटरमध्ये काम होतं, फक्त कापड सतत हलवत राहावं लागतं. दहाच्या खाली जाऊ नका, घड्यांवर पट्टे येतात आणि वाचवलेलं पाणी बाद मालात जातं.

पावसाचं पाणी साठवता येत असेल तर जरूर साठवा. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की गळती-बाष्प वजा जाता ८०० लिटरच्या आसपास पाणी मिळतं, आणि ते मऊ असतं. माळव्यातल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा चिकट थर बसतो, आणि लोहाचा अंश असेल तर पिवळे आणि गुलाबी रंग मळकट दिसतात. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका, गच्चीवरची धूळ त्यातच असते.

रंग आणि रंगबंधक

नैसर्गिक रंग म्हणजे आपोआप स्वच्छ, असं नाही. मोरचूद किंवा क्रोम वापरून पक्का केलेला झेंडूचा रंग हा विषारीच धंदा आहे. क्रोमसाठी वापरलं जाणारं पोटॅशियम डायक्रोमेट तर हाताळणाऱ्याला कर्करोगाचा धोका देतं. रंग धाग्यावर पक्का करणारे रंगबंधक म्हणून घरात फक्त तीन गोष्टी ठेवा: तुरटी, हिरडा आणि थोडं हिराकस (लोहाचा क्षार). एवढ्यावर पिवळा, लाल, तपकिरी, करडा, काळा हे सगळं निघतं. हेच तिन्ही घटक धार जिल्ह्यातल्या बाग या गावच्या छापकारांच्या परंपरेच्या मुळाशी आहेत. तिथे हिरड्याच्या कापडावर तुरटीचा लाल आणि लोखंड-गुळाच्या पाण्याचा काळा उमटतो.

एक किलो सुती कापडाचं प्रमाण असं. सगळी वजनं कोरड्या कापडावर धरा.

आधी खळ काढायची: १२ लिटर पाण्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि १० ग्रॅम सौम्य साबण, उकळीच्या जरा खाली एक तास. मग सुकलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो दोन-तीन सेकंदांत शोषला गेला पाहिजे. मोत्यासारखा वर थांबला तर खळ निघालेली नाही, आणि अशा कापडावर पुढचं काहीही एकसारखं बसणार नाही. हे सगळं टाळायचं असेल तर बाजारातून ‘आरएफडी’ म्हणजे रंगाईला तयार कापड घ्या. तुमचा एक तासाचा गॅस आणि १२ लिटर पिवळं पाणी वाचतं. थेंबाची परीक्षा मात्र त्यालाही करा.

मग हिरडा: १५० ते २०० ग्रॅम पूड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, आठ-दहा लिटर करा, कापड पाच-सहा तास त्यात ठेवा. न धुता पिळून सुकवा. उन्हात वरची बाजू जास्त पिवळी होते, म्हणून सुलटी बाजू वर ठेवा किंवा सावलीत दोरीवर टाका.

त्यानंतर तुरटी: १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. वेगळ्या भांड्यात १५ ते २० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून थोडा थोडा त्यात ओता. फसफसतं, म्हणून भांडं निम्मंच भरलेलं असू द्या. सगळं मिळून दहा लिटर कोमट पाणी करा, कापड घाला आणि रात्रभर ठेवा. सुती कापडाला तुरटीत उकळायची गरज नाही. पुष्कळ घरांत ते सवयीने उकळतात आणि गॅस विनाकारण जातो. हे तुरटीचं पाणी फेकू नका. पुढच्या एक किलोला निम्मी तुरटी, ७५ ग्रॅम, घालून तेच वापरा. दोन-तीन फेऱ्या चालतं. तळाशी पांढरा गाळ जमून पाणी दुधाळ झालं की थांबा, नाहीतर कापडावर पांढुरके डाग येतात.

रंगद्रव्यं फुकट किंवा जवळपास फुकट मिळतात, आणि खरा फायदा तिथे आहे. कांद्याची टरफलं चोइथराम मंडीत पोत्यांनी पडतात. किलोभर कापडाला ३०० ते ५०० ग्रॅम लागतात. रसवंतीवाल्यांकडून डाळिंबाच्या साली घेऊन सुकवा, २०० ते ३०० ग्रॅम पुरतात, आणि डाळिंबात हिरड्यासारखंच टॅनिन (रंग धरून ठेवणारा तुरट घटक) असल्यामुळे हिरडा निम्मा केला तरी चालतो. देवळातल्या निर्माल्यातला झेंडू पाकळ्या वेगळ्या करून लगेच सुकवा. ओला ढीग दोन दिवसांत कुजतो. सुका झेंडू ३०० ते ५०० ग्रॅम. पळसाची फुलं फाल्गुनात गोळा करून वर्षभर ठेवता येतात, पण त्यांचा रंग उन्हात लवकर उतरतो, म्हणून होळीच्या मालापुरतीच वापरावीत. मंजिष्ठा विकतच घ्यावी लागते. सियागंजच्या जडीबुटीवाल्यांकडे चौकशी करा, पूड न घेता काड्या घ्या म्हणजे भेसळ कळते. ३५० ते ५०० ग्रॅम, आणि तापमान ७० अंशांच्या आत ठेवा. उकळली की लाल तपकिरीकडे झुकतो.

हळद आणि बीट यांच्या नादी लागू नका. हळद उन्हात काही दिवसांत फिकी पडते आणि बीटाचा रंग सुती कापडावर टिकतच नाही. गिऱ्हाईक असा स्टोल सहा महिन्यांत टाकून देतं, आणि मग त्यामागचं सगळं पाणी वाया.

हिराकस किलोला २० ग्रॅमपेक्षा जास्त कधीच नको. लोह जास्त झालं की धागा वर्षा-दोन वर्षांत कमकुवत होऊन कापड घडीवर फाटतं. त्याचं भांडं, काठी, हातमोजे वेगळे ठेवा.

रिऍक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध करणारे कृत्रिम रंग) वापरत असाल तर कुठे त्रास आहे ते ओळखून वापरा. दर लिटरला ५० ते ८० ग्रॅम मीठ लागतं, वर सोडा. ६० ते ८० टक्के रंग धाग्याला धरतो, उरलेला धुण्यात जातो. विरघळलेलं मीठ कुठल्याही साध्या गाळणीने निघत नाही. म्हणून मोठ्या पातेल्यात बुडवण्याऐवजी घट्ट लापशी करून ठशाने किंवा ब्रशने लावा, आणि कापड प्लास्टिकच्या चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवा. सोडा लागतोच, पण मीठ लागत नाही आणि रंगाला लागणारं पाणी एक-दशांशावर येतं. रंगाचा पुडा कंपनीचं नाव आणि रंगाचा क्रमांक असलेलाच घ्या. घातक अमाइन सोडणाऱ्या ७० अझो रंगांवर भारतात १९९७ मध्ये बंदी आली, पण सुट्या पुड्यांत काय आहे ते कुणी सांगत नाही.

पिगमेंटची (धाग्यात न मुरता वर चिकटून बसणाऱ्या रंगाची) स्क्रीन छपाई करत असाल तर एकच सवय लावा: पाणी लावण्याआधी खरवडा. स्क्रीन, स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) आणि वाटीतली लापशी प्लास्टिकच्या पट्टीने काढून झाकणाच्या बरणीत परत जाते. उरलेले सगळे रंग एका बरणीत जमवले की एक करडा-तपकिरी तयार होतो, तो अस्तराच्या कापडाला वापरा. लापशी घट्ट करायला केरोसीनचं इमल्शन आजही विकत मिळतं. ते सोडून पाण्यावर आधारलेला थिकनर घ्या, खोलीतला वास आणि डोकेदुखी त्याच दिवशी कमी होईल.

उरलेलं रंगीत पाणी

रंग संपल्यासारखं वाटणाऱ्या पाण्यात आणखी एक-दोन फिक्या छटा असतातच. त्या आधी काढा: दुसरी फेरी फिक्या स्टोलांची, तिसरी अस्तराच्या कापडाची. त्यानंतर त्याच पाण्यातून छपाईची पूड काढता येते. दर लिटरला १० ग्रॅम तुरटी विरघळवून घाला, मग ५ ग्रॅम धुण्याचा सोडा गरम पाण्यात वेगळा विरघळवून हळूहळू ओता. रंग ढगासारखा फुटून खाली बसतो. रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी काढा, गाळ सुती कापडातून गाळून सावलीत सुकवा आणि खलबत्त्यात वाटा. ही पूड कार्डांवर, कागदी लेबलांवर किंवा चित्रांसाठी वापरता येते. सोडा फार झाला तर पिवळ्याचा तपकिरी होतो, म्हणून पीएच सातच्या आसपास आला की थांबा.

हेच तत्त्व सांडपाण्यालाही लागू पडतं. खळ काढलेलं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच १० च्या वर, आणि थकलेलं तुरटीचं पाणी आम्लधर्मी. दोन्ही एका २०० लिटरच्या ड्रममध्ये सोडा. एकमेकांना शांत करतात, आणि तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा कापसासारखा गाळ रंगाचे कण ओढून खाली बसतो. तळापासून वीतभर उंचीवर नळ बसवा म्हणजे वरचं निवळ पाणीच बाहेर येईल. सोडण्याआधी पीएच कागद बुडवा. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्याची मर्यादा ५.५ ते ९ आहे, तुम्ही ६.५ ते ८ मध्ये ठेवा.

सोडायचं कुठे, हा प्रश्न इंदुरात महत्त्वाचा आहे. घरामागची नाली मलवाहिनीला जोडलेली आहे की पावसाळी नाल्याला, हे झोन कार्यालयात विचारून घ्या. मलवाहिनीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाळी नाल्यात टाकलेलं थेट कान्ह नदीत आणि तिथून उज्जैनला त्रिवेणीवर क्षिप्रेत. ऑगस्ट २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दलचा सरकारी दर्जा) शहर ठरलेल्या इंदूरने नाल्यांत पडणारी सांडपाण्याची तोंडं बंद करण्यावर मोठी मेहनत घेतली आहे. सिरपूर तलावाच्या बाजूला राहत असाल तर आणखी जपा, तो २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. अंगणात शोषखड्डा हा उपाय इथे फारसा चालत नाही, कारण माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. सोड्याचं किंवा मिठाचं पाणी झाडांनाही घालू नका. सोडियममुळे काळी माती चिकट आणि निर्जीव होते. शेवटच्या खळबळणीचं निवळ पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.

सांडपाणी निघणारी कापडाची रंगाई-छपाई प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या श्रेणीत येते. काम वाढवायच्या आधी, जागा भाड्याने घेण्याआधी, मंडळाच्या विभागीय कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या. मागाहून जागा बदलणं फार महाग पडतं.

उष्णता आणि वीज

वीस लिटर पाणी २५ वरून ८५ अंशांवर न्यायला झाकण ठेवून सुमारे २०० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तेच काम विजेच्या कॉइलने केलं तर दीड युनिट, आणि आपल्या ग्रिडच्या युनिटला साधारण ०.७ किलो धरलं तर एक किलोच्या वर. म्हणून ग्रिडच्या विजेवर पाणी तापवणं आज तरी गॅसपेक्षा वाईट. गच्चीवर सोलर पॅनेल आले की हिशेब उलटतो.

सोलर वॉटर हीटरचं ५५ अंशांचं पाणी घेऊन सुरुवात केली तर गॅस निम्म्यावर येतो. मार्च ते जून इंदूरचं ऊन यासाठी भरपूर आहे. आषाढ-श्रावणात यावर विसंबू नका, मोठी रंगाई उन्हाळ्यात उरका आणि पावसाळा शिवणकामाला ठेवा. त्याने वाळवण्याचाही प्रश्न सुटतो.

साल, टरफल, काड्या आदल्या रात्री भिजवा, काढा निम्म्या वेळात उतरतो. रंगाचं पातेलं ८० अंशांवर पोहोचलं की गॅस पूर्ण बंद करा, पातेलं उतरवून घट्ट झाकणासह जुन्या गोधड्यांत गुंडाळा. पंधरा-वीस लिटर पाणी दोन तास पुरेसं गरम राहतं. दर अर्ध्या तासाला उघडून कापड एकदा फिरवा, नाहीतर वरच्या घड्या फिक्या राहतात. यासाठी मात्र वर सांगितलेलं पसरट भांडं नको, खोल पातेलं हवं.

शिवणयंत्राला जुनी क्लच मोटर असेल तर ती टाके घालत नसतानाही फिरत राहते. सर्व्हो मोटर फक्त पायाखाली दाबल्यावर चालते आणि वीज निम्म्याहून कमी खाते. बदलायला तासभर पुरतो. इस्त्री हे मात्र शिवणखोलीतलं सगळ्यात मोठं ओझं आहे: दिवसभर चालू-बंद करण्यापेक्षा संध्याकाळी एकदम करा, आणि कापड थोडं ओलसर असताना.

मीटर घरगुती असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॅट रोज सरासरी चारेक युनिट देतं. व्यावसायिक मीटरला हे अनुदान नाही.

कचरागाडी आणि पॅकिंग

गाडी रोज दारात येते आणि कचरा सहा प्रकारांत वेगळा मागते, त्यामुळे इथे निम्मं काम झालेलंच आहे. उकळून काढलेल्या साली, फुलं ओल्या कचऱ्यात. त्यांचं देवगुराडियाच्या ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात बायो-सीएनजी होतं. पिगमेंटचा सुकलेला गाळ, रंगाच्या पुड्या आणि रसायनांच्या बाटल्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात. चिंध्या सुक्यात, पण वर सांगितलेले तीन डबे भरल्यानंतर उरतील त्याच.

पॅकिंगचं थोडक्यात: बटरपेपर किंवा जुन्या वर्तमानपत्राऐवजी कातरणाची पट्टी बांधा. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते. कुरिअरला जाड कागदी पाकीट आणि पाण्याने चिकटणारी कागदी टेप. ‘कंपोस्टेबल’ पिशवी घ्यायची तर आयएस १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाचं प्रमाणपत्र पाहा. घरच्या खतात तीही सहसा विरघळत नाही. हातात द्यायची प्लास्टिक पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर ती आजच बंद करा, कायदाही तेच सांगतो. पावसाळ्यात मात्र आत एक प्लास्टिकचं आवरण घालाच, शक्यतो आधी तुमच्याकडे आलेलं. भिजून डाग पडलेला स्टोल परत आला तर नुकसान कितीतरी मोठं. प्रदर्शनाच्या स्टॉलला फ्लेक्सऐवजी छापलेलं कापड लावा, तारीख न लिहिता, म्हणजे दर वर्षी चालेल.

लेबलवर काय लिहावं

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी हरित दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. म्हणून नेमकं लिहा: ‘महेश्वरचं हातमागाचं सुती कापड, कांद्याचं टरफल आणि मंजिष्ठा, तुरटी-हिरड्यावर पक्का केलेला रंग, शिलाईचा दोरा पॉलिएस्टर.’ पाणी वाचवल्याचा आकडा द्यायचा असेल तर वहीतला द्या, किलोला किती लिटर होते आणि आता किती आहेत.

धुण्याची सूचनाही तितकीच नेमकी हवी, कारण विकल्यानंतर वस्तू किती वर्षं वापरली जाईल ते त्यावर ठरतं: गार पाणी, सौम्य साबण, लिंबू-व्हिनेगर नाही, उलटं करून सावलीत वाळवणं. लिंबाचं कारण लिहायला विसरू नका. लोहाच्या काळ्या-करड्यावर आंबट थेंब पडला की तिथे पांढुरका डाग उठतो, आणि तो पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही. दोन वर्षांत रंग उतरला तर माफक दरात पुन्हा रंगवून देऊ, असं लिहिणं परवडतं. तुरटीचं पाणी तयारच असतं आणि असे आठ-दहा नग एका खेपेत होतात. मूळ कापड ओळखता यावं म्हणून प्रत्येक खेपेचा क्रमांक लेबलवर आणि वहीत दोन्हीकडे टाका, सोबत बोटभर नमुना टाचून ठेवा.